गाव ओस पडलं, म्हणून हाक आम्हाला?



सध्या एक टूम निघालीय. गावाकडे चला. खेडी ओस पडली, कोकणात घरांना कुलपं लागली, तालुक्याची गावं म्हातारी झाली, तेव्हा पोरांनो माघारी या. पुढारी सभेत बोलतो, बिल्डर जाहिरातीत बोलतो, आणि आठवडाभर एसीत बसणारा पांढरपेशा रविवारी गावच्या मातीचे कढ काढतो. त्याचं आजोळ, त्याची आंब्याची बाग, त्याची विहीर. त्या विहिरीवर आपल्या आजीला कुणीतरी वरून पाणी घालेपर्यंत तास तास बसावं लागत होतं, हे त्याच्या आठवणीत कुठं नाही.

गांधींनी खेड्याकडे चला म्हटलं. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत उभं राहून त्या खेड्याची सालं काढली. ज्याचे तुम्ही पोवाडे गाता ते डबकं आहे, अज्ञान, कोतेपणा आणि जातीयता तिथंच पोसली जाते, आणि या घटनेनं गाव नव्हे तर व्यक्ती हा पाया धरला याचा मला आनंद आहे, असं ते बोलले. आम्हाला यात आजही काना-मात्रा बदलावी वाटत नाही.

पण एवढं बोलून आमचं भागत नाही. कारण ज्या शहराच्या भरवशावर आपण गावाला लाथ मारली ते शहरच आता आपल्याला ढकलतंय.

आकडे बघा. 2011 च्या खानेसुमारीत महाराष्ट्रातल्या तीन जिल्ह्यांची माणसं दहा वर्षांत कमी झाली. रत्नागिरी 16 लाख 96 हजारांवरून 16 लाख 15 हजारांवर आला. सिंधुदुर्ग 8 लाख 68 हजारांवरून 8 लाख 49 हजारांवर. आणि तिसरा जिल्हा कुठला? मुंबई. हीच आपली मुंबई, कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतची. 33 लाख 38 हजारांवरून 30 लाख 85 हजार. म्हणजे जिथून आपले बाप आले तेही रिकामं होतंय आणि जिथं आले तेही. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर फुगला. माणसं गावाला नाही गेली. ती रेल्वेच्या रुळानं लांब लांब फेकली गेली. 2021 ची खानेसुमारी वेळेवर झालीच नाही, त्यामुळे पुढचा हिशोब सरकारलाही ठाऊक नाही. तुमच्या डोळ्यांना मात्र ठाऊक आहे.

कोकण रिकामं का झालं? रिकामं होण्याआधी ते कुणाचं होतं, हे कुणी विचारत नाही. खोताचं होतं. जमीन खोताची, शेतसारा खोत भरायचा आणि कुळाच्या पाठीचं कातडं काढायचा. आपल्या लोकांच्या वाट्याला वतन. वतन म्हणजे काय, तर तराळकी, सांगावे पोचवणं, मेलेली ढोरं ओढणं आणि दारोदार शिळ्या भाकरीचा हक्क. असला हक्क कुत्र्याला पण नको. बाबासाहेबांनी 1937 साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती मोडायचं बिल आणलं, 1938 च्या जानेवारीत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा त्यासाठी मुंबईत आला. खोतीचा कायदा झाला 1949 साली, महार वतनं गेली ती 1958 च्या कायद्यानं. कायदा झाला, पण ज्याचं नाव कूळ म्हणून कागदावर लागलं होतं त्याच्याच हाती जमीन आली. नुसतं राबणाऱ्याचं नाव कागदावर कोण लावणार? तलाठ्याचं दप्तर कुणाच्या ओटीवर असायचं?

मग माणूस बोटीत बसला आणि भाऊच्या धक्क्यावर उतरला. गिरणीत गेला, रेल्वेत गेला, म्युनिसिपालटीत गेला, गोदीत गेला. बाया मागं राहिल्या. 2011 साली सुद्धा रत्नागिरीत हजार पुरुषांमागं 1122 बाया होत्या. भात लावणं, लाकडं, पाणी, सासूची दुखणी, पोरांची शाळा, सगळं त्यांच्या डोक्यावर. कोकण मनीऑर्डरीवर जगलं म्हणतात. आम्ही म्हणतो, कोकण या बायांच्या मणक्यावर जगलं.

आणि मुंबईनं काय दिलं? खोटं कशाला बोला, खूप दिलं. नळाखाली कुणाची बादली कुणाच्या बादलीला लागली तर भांडण व्हायचं, पण विटाळ व्हायचा नाही. नायगावला, परळला, वरळीला चाळीचाळीतून जयंती निघाली. बाबासाहेब स्वतः परळच्या बीआयटी चाळीत वीस-बावीस वर्षं राहिले. पँथर 1972 साली निघाली ती याच शहराच्या खुराड्यातनं, गावातल्या पिंपळाच्या पारावरनं नाही. मुंबईत जात नव्हती असं नाही. 1974 साली वरळी पेटली, 1997 साली रमाबाई नगरात पोलिसांनी गोळ्या घालून दहा माणसं मारली. तरी शहरात एक गोष्ट होती : पगार. तो खोताच्या हातनं येत नव्हता.

आता तो पगार बघा. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या. 1989 साली न्हावाशेवा सुरू झालं आणि डबे तिकडं गेले. जिथं जहाजाच्या पोटात टोळ्या उतरायच्या तिथं आता क्रेनवाला एकटा बसतो. आम्ही जे कोण उरलोय ते ठेकेदाराच्या हजेरीवर. आज पाळी, उद्या नाय. बापाला प्रॉव्हिडंट फंड होता, पोराला गेटपास आहे. तोही महिन्या-महिन्याचा. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या काही भाडेकरूंना 2025 च्या ऑगस्टात टॉवरच्या चाव्या मिळाल्या, 160 फुटाच्या खोलीचे 500 फूट झाले. चांगलंच झालं. पण त्याच खोलीत माळ्यावर झोपणारा चुलतभाऊ, ज्याचं नाव भाडेपावतीवर नव्हतं, तो गेला बदलापूरच्या पुढं. रात्रपाळी सुटल्यावर दीड तास लोकलमध्ये लटकतो. असा माणूस एखाद्या दिवशी म्हणतो, च्यायला, गाव काय वाईट होतं? हा प्रश्न तो गद्दारी म्हणून विचारत नाही. थकवा म्हणून विचारतो. आणि आपल्याकडं त्याला द्यायला घोषणेशिवाय काय आहे?

2020 साली मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा लोक खरंच परत गेले. चालत गेले, टेम्पोत ताडपत्रीखाली बसून गेले. कोकणात एक गंमत झाली. मुंबईकर म्हणून चौदा दिवस सवर्ण चाकरमान्यालाही वेशीवरच्या शाळेत ठेवलं, पाणी लांबून ठेवलं, ताटाला हात लावला नाही. कसं बोंबलले सगळे! माणुसकी मेली म्हणाले. आपल्या वस्तीला तो चौदा दिवसांचा हिशोब हजारो वर्षं चालू आहे, पण त्याची बातमी झाली नाही.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात सरकारनं ठरवलं की वस्त्यांची जातीवाचक नावं काढायची. महारवाडा, मांगवाडा, बौद्धवाडा जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर. पाटी बदलली. वस्ती जिथं होती तिथंच आहे, उताराला, ओढ्याच्या कडेला, एसटी थांब्यापासून सगळ्यात लांब. 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला या महाराष्ट्राला. एकविसाव्या शतकात! गावकी वाळीत टाकते म्हणून वेगळा कायदा. ज्या गावाच्या बंदोबस्ताला वेगळा कायदा लागतो त्या गावात परत या म्हणता, तर कुणाच्या अटीवर?

आपल्या तरुणांत यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, मरू पण गावात नाही जाणार. दुसरा म्हणतो, तिथं आपलं घर आहे, मसणवटा आहे, ते सोडून दिलं तर गिळून टाकतील. आमचा कौल अर्धा अर्धा नाही. शेतमजूर होऊन परत जायला आमचा साफ नकार आहे. रिकाम्या गावाला माणूस नकोय, त्याला आंबे काढायला, चिरे उचलायला, फार्महाऊस राखायला गडी हवाय. तिथं जाऊन आपण नव्या खोताचे गडी होऊ.

पण हक्कदार म्हणून जायचं असेल तर गोष्ट वेगळी. बाबासाहेबांनी 1947 सालच्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात वसाहत आयोग मागितला होता. सरकारी पडीक जमिनीवर अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहती. 1942 साली नागपूरच्या परिषदेतही हीच मागणी होती. तेव्हा लोक म्हणाले, जमीन कुठाय? दादासाहेब गायकवाडांनी 1959 ला आणि 1964-65 ला भूमिहीनांचे सत्याग्रह करून जमीन कुठं आहे ते दाखवलं, माणसांनी तुरुंग भरले. आज तर सरकार स्वतःच सांगतंय की गावं रिकामी आहेत. मग द्या! 2004 पासून दादासाहेबांच्याच नावानं योजना आहे, भूमिहीन बौद्ध नि अनुसूचित जातीच्या कुटुंबाला 4 एकर कोरडवाहू किंवा 2 एकर बागायत. कागदावर झकास. पण जमीन विकत घेऊन द्यायची, आणि सरकारी भावात बऱ्याच ठिकाणी कोण विकतो?

खेड्यापेक्षा आमची नजर तालुक्याच्या गावावर आहे. महाड, खेड, चिपळूण, दापोली, मंडणगड. आंबडवे मंडणगड तालुक्यातच. महाडच्या म्युनिसिपालटीनं 1924 साली तळं खुलं केल्याचा ठराव केला होता, आणि तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना तिथं जाऊन पाणी प्यावं लागलं. ठराव आणि ओंजळ यातलं अंतर तेव्हा तीन वर्षांचं होतं. आता या गावांत दवाखाना आहे, कॉलेज आहे, कोकण रेल्वे 1998 पासून पूर्ण धावते. पण बाजारपेठेत भाड्यानं खोली मागायला गेलात की पहिला प्रश्न आडनाव. गाळा मागायला गेलात की तोच. आपल्या माणसाला बाजाराच्या मधोमध घर आणि दुकान मिळेल, नगरपालिकेच्या गाळ्यांत राखीव हिस्सा मिळेल, तर उद्या सकाळच्या गाडीनं निघणारे पन्नास जण एकट्या आमच्या पाळीवर आहेत.

आणि आपल्याच घरातलं एक. गावोगावच्या मुंबई मंडळांनी पै पै वर्गणी काढून गावात विहार बांधले. मार्बल लावलं, गेट बसवलं. बुद्धपौर्णिमेला दोन दिवस गर्दी, मग वर्षभर कुलूप. मागं राहिलेली एखादी म्हातारी संध्याकाळी मेणबत्ती लावते. त्या हॉलमध्ये वाचनालय नाही, शिवणाचं मशीन नाही, पोरींसाठी अभ्यासिका नाही. मंडळाच्या पुढच्या मीटिंगला कमानीच्या रंगावर तीन तास घालवण्याआधी हा विषय काढा.

मे महिन्यात बरेच जण गावी जाल. तलाठ्याकडनं सातबारा नि आठ-अ चा उतारा काढा, पैसे भरून रीतसर. आपल्या वस्तीची जमीन कुणाच्या नावावर आहे, मसणवट्याची नोंद आहे का, वतनाची जमीन कुणी नि कधी घेतली, हे उतरवून घ्या. म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना गट नंबर नाही आठवत पण बांध आठवतो. किती घरं उघडी, किती बंद, हेही मोजा. जूनच्या दुसऱ्या रविवारपर्यंत कागद आमच्याकडं पोचवा. झेरॉक्स चालेल. जेवढं येईल तेवढं पुढच्या अंकात छापू, गावाच्या नावासकट.