चिकट खुर्ची घरात नको



उन्हे तापू लागली की अंगणातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांविषयी एक तक्रार हमखास ऐकू येते. बसून उठावे तर कपडा खुर्चीला चिकटतो, हातावर हात ठेवला की चिकचिकीत लागते, धूळ एकदा बसली की झटकून निघत नाही. “यूव्ही स्टॅबिलाइज्ड म्हणून चार पैसे जास्त मोजले, तरी उन्हाने वितळलीच!” असे म्हणून दुकानदाराला बोल लावला जातो. आमच्या मते या बोलण्यात मोठी गल्लत आहे. या गल्लतीपायी खुर्ची तर लवकर जातेच, पण शेतकऱ्याच्या घरात प्रकृतीवरही बेतू शकते. म्हणून हा विषय किरकोळ वाटला तरी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. ऊन खुर्चीला वितळवत नाही. एकाच साच्यातून निघणारी ही अखंड खुर्ची हेन्री मासोने या फ्रेंच कारखानदाराने १९७२ साली बाजारात आणली आणि पुढे तिने सारे जग व्यापले. आज आपल्याकडे मिळणाऱ्या अशा बहुतेक खुर्च्या पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या असतात. ते वितळायला सुमारे १६० अंश सेल्सिअस उष्णता लागते. वैशाखातल्या उन्हात खुर्ची हात पोळेल इतकी तापते खरी, पण त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही.

ऊन करते ते नुकसान वेगळे आहे. उन्हातले अतिनील किरण प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या तोडतात. मग रंग विटतो, बोट फिरवले की खडूसारखी पांढरी भुकटी लागते, बारीक भेगा पडतात आणि एके दिवशी पाय मोडतो. हे होऊ नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये कारखान्यातच संरक्षक द्रव्य मिसळतात. त्यालाच स्टॅबिलायझर म्हणायचे. ठिबक सिंचनाची नळी काळी का असते? तिच्यात दोन-अडीच टक्के काजळी घातलेली असते आणि ती किरण आत शिरू देत नाही. पांढऱ्या किंवा रंगीत खुर्चीत काजळी चालत नाही. तिथे अमाइन जातीची द्रव्ये वापरतात. ती १९७०च्या दशकात प्रचारात आली. त्यांचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी असते आणि ती झिजत जातात. तेव्हा ‘यूव्ही स्टॅबिलाइज्ड’ या शब्दांचा अर्थ ‘उन्हात जास्त दिवस टिकेल’ एवढाच. ‘उन्हाने कधीच बिघडणार नाही’ असा नव्हे.

आता ध्यानात घ्या : उन्हाने जुनी झालेली खुर्ची भुकटी सोडते, ठिसूळ होते. चिकट होणे हे बहुधा दुसऱ्याच कारणाने असते. ती कारणे तीन.

पहिले कारण आतले. कारखान्यात मिसळलेली काही मेणचट द्रव्ये उष्णतेने हळूहळू पृष्ठभागावर येतात. नवी खुर्ची तापल्यावर कधी कधी तेलकट लागते ती यामुळे. दोन-तीनदा धुऊन सावलीत ठेवली की हे बहुधा कमी होते.

दुसरे कारण आच्छादनाचे. खुर्चीवर घातलेली रेक्झिनची गादी किंवा मऊ पीव्हीसीचे कव्हर यांना मऊपणा येण्यासाठी तेलासारखे द्रव्य घातलेले असते. ते उन्हात पाझरते आणि खालच्या खुर्चीवर चिकट थर धरते. अशी गादी कितीही धुतली तरी पुन्हा पाझरणारच. ती काढून टाकावी आणि सुती आसन घालावे.

तिसरे कारण बाहेरचे, आणि आमच्या मते शेतकऱ्याच्या घरी हेच सर्वांत मोठे. डोक्याचे खोबरेल, घाम, नीट न धुतलेला साबण, फणसाचा चीक, काजू भाजताना उडालेले टरफलाचे तेल हे सगळे खुर्चीवर साचते. काजूच्या टरफलाचे तेल तर बिब्याच्या जातीचे. कातडी भाजते आणि वाळले की डिंकासारखे घट्ट बसते. पण या सगळ्यांहून वाईट म्हणजे फवारणीचे औषध.

आपण औषधात ‘स्टिकर’ कशासाठी घालतो? पावसाने धुऊन न जाता औषध पानाला चिकटून राहावे म्हणून. मग पंप भरताना, टाकी ढवळताना किंवा फवारून आल्यावर त्याच कपड्यांनी टेकताना जे खुर्चीला लागते, ते तिथेही चिकटूनच राहणार. डब्यावर ‘ईसी’ अशी अक्षरे असलेल्या औषधांत तेलासारखे द्रावकही असते. ते प्लॅस्टिकच्या वरच्या थरात मुरते. म्हणजे हाताला लागणारा चिकटपणा हा नुसता मळ नसून त्यात विष असण्याचा संभव असतो. घामेजलेल्या कातडीतून ते अंगात शिरते. संध्याकाळी त्याच खुर्चीवर नातू भाकरी खात बसतो, याचा विचार कोणी करीत नाही.

औषध खुर्चीचेही नुकसान करते. अथणी-विजयपूरकडच्या द्राक्षबागांत भुरीसाठी गंधक वापरतात. गंधकापासून तयार होणारी आम्ले वर सांगितलेल्या अमाइन संरक्षकाला निकामी करतात. क्लोरीनयुक्त औषधांचेही तसेच. म्हणून तर पॉलिहाऊसचा कागद विकणारे गंधक आणि क्लोरीनच्या वापरावर मर्यादा घालतात. गोव्यात सुपारीच्या कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतात. त्यातल्या मोरचुदात तांबे असते आणि तांबे पॉलिप्रॉपिलीनचे विघटन वेगाने घडवते. म्हणजे औषध पडलेली खुर्ची आधी चिकट होते आणि पुढे इतर खुर्च्यांच्या आधी मोडते.

यावर आमचे मत असे की, खुर्ची घरातून शेतात जावी. शेतातून घरात येऊ नये. जुनी झालेली पण पाय धड असलेली एक खुर्ची फवारणीच्या कामासाठी कायमची काढावी. तिच्या पाठीवर लाल रंगाचा ठळक पट्टा ओढावा. ती पंपाच्या खोपीतच राहावी. तिच्यावर जेवण नको, पोर नको, आणि पाहुणा आला म्हणून ती उचलून आणणेही नको.

कोणी म्हणेल, “आमच्याकडे मुळात चारच खुर्च्या, एक वेगळी काढणे परवडत नाही.” अडचण खरी आहे. पण अशा घरी शेतावर खुर्ची नेण्यापेक्षा दगड किंवा लाकडाचा ओंडका बरा. त्यावर कोणी जेवायला बसत नाही आणि तो घरातही येत नाही.

हाच नियम चर्चच्या सभागृहातल्या खुर्च्यांना लागू करावा असे आम्हांला वाटते. लग्नाला, बारशाला, दुःखाच्या प्रसंगी त्या जरूर द्याव्यात; त्या त्यासाठीच आहेत. परंतु खळ्यावर, भाजी निवडायला किंवा फवारणीच्या दिवसांत बागेत त्या नेऊ नयेत. कोणाच्या शेतात त्यावर काय सांडले हे पुढच्या रविवारी बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला कसे कळणार? कोणाला राग येईल, पण हा नियम सर्वांना सारखा असला म्हणजे कोणाचा अपमान होत नाही.

आता निगा कशी राखावी ते सांगतो. कोमट पाणी, साधा सौम्य साबण आणि मऊ फडके एवढे पुरे. वरून खाली धुवावे, भरपूर साध्या पाण्याने साबण काढावा आणि कोरड्या फडक्याने पुसावे. साबण राहिला तर तोच चिकट होतो. फणसाच्या चिकावर आधी थोडे खोबरेल चोळावे, चीक सुटला की साबणाने तेलही काढून टाकावे. रॉकेल, पेट्रोल, थिनर वापरू नये. त्याने आज चकाकते, पण प्लॅस्टिक फुगते. तारेच्या काथ्याने घासू नये, कारण ओरखड्यांत मळ कायमचा बसतो. शेवाळ आले तर ब्रशने साबण लावून काढावे, ब्लीचिंगच्या पाण्यात खुर्ची भिजत ठेवू नये. चकाकी यावी म्हणून तेल तर कधीच लावू नये.

काम झाले की खुर्ची सावलीत घ्यावी. ओल्या खुर्च्या एकात एक घालून वर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळू नये. कोरड्या करून रचाव्यात आणि वर सुती चादर टाकावी. स्टॅबिलायझर फुकट मिळत नाही, सावली फुकट मिळते.

धुतल्यावर दोन-तीन दिवस सावलीत ठेवून हात लावून पाहावे. चिकटपणा परत आला नाही तर तो मळ होता. तेलकट थर परत आला तर तो आतून येत आहे, पुन्हा धुवावे. मात्र औषध सांडल्याचे ठाऊक असेल किंवा तसा वास येत असेल, तर धुऊनही ती खुर्ची घरात घेऊ नये. तिला लाल पट्टाच ओढावा. धुताना रबरी हातमोजे घालावेत, आणि ते पाणी विहिरीकडे किंवा गुरांच्या दोणीकडे जाऊ देऊ नये. बोटाला भुकटी लागून पायाशी भेगा दिसू लागल्या तर ती खुर्ची कोणाच्याच बसण्याच्या कामाची नाही. वयस्क माणसाची एक पडझड खुर्चीच्या किमतीच्या कितीतरी पट महाग पडते.

फवारणीनंतर कोणाला मळमळ, फार घाम, तोंडाला लाळ, अंधुक दिसणे किंवा धाप असा त्रास झाला तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन ताबडतोब इस्पितळ गाठावे.

या आठवड्यात घरातली प्रत्येक खुर्ची एकदा हात फिरवून पाहा. जी शेतात जाऊन आली असेल, तिच्यावर आजच लाल पट्टा ओढा.