सचित्र शास्त्रीय पुस्तकें व आमचीं मुलें

सचित्र शास्त्रीय पुस्तक मुलाच्या हातीं दिसलें कीं, "चित्रें काय पाहतोस? धडा वाच," असें म्हणणारे पालक पुष्कळ आहेत. त्यांचा हेतु चांगला आहे, आणि अशा पुस्तकांच्या किंमतीही कांहीं थोड्या नसतात. तथापि हें मत आम्हांस मान्य नाहीं. चित्र न्याहाळणें हा अभ्यासच होय. बिबळ्याचा ठिपका मध्यें फिकट असून त्याभोंवतीं तुटक काळें कडें असतें. चित्त्याचा ठिपका भरीव असतो व डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ असते. हें शब्दांनीं कितीही सांगितलें तरी ध्यानांत राहत नाहीं. दोन चित्रें शेजारीं ठेवलीं कीं तत्काळ उमगतें. जुन्नर तालुक्यांत उसाच्या फडांत बिबळ्या राहत असतां आमच्या मुलांनीं त्यास चित्ता म्हणावें काय?

मराठींत असें वाङ्मय नवें नव्हे. मुलांसाठीं अमेरिकन मिशननें १८७३ सालीं 'बालबोधमेवा' काढला. शास्त्रीय विषयांस वाहिलेलें 'सृष्टिज्ञान' पुण्यास १९२८ सालीं निघालें. आमची खरी तक्रार निराळीच आहे. भूगर्भशास्त्रावरील पुष्कळ बालपुस्तकांतील चित्रें परदेशचीं असतात. तीं पाहून मुलास वाटतें कीं, पृथ्वीचा इतिहास दूर कोठें तरी घडला. येडगांवाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

वस्तुस्थिति उलट आहे. लेण्याद्रीचीं लेणीं ज्या काळ्या पाषाणांत कोरलीं आहेत, तो सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं वाहिलेला लाव्हा होय. आणि येडगांवचें धरण ज्या कुकडीवर आहे, तिच्याच कांठीं खालच्या अंगास बोरी येथें ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ही राख सह्याद्रीची नव्हे. ती सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखींतून निघून समुद्र ओलांडून आली! ती कोणत्या उद्रेकाची, याविषयीं पंडितांत वाद आहे. एका मतें ती सुमारें ७५ हजार वर्षांची, दुसऱ्या मतें त्याहून कित्येक पट जुनी. तेथेंच आदिमानवाचीं दगडी हत्यारें सांपडलीं असल्यामुळें या वादास विशेष महत्त्व आहे. असला थर घराजवळ असतां तो मुलांच्या पुस्तकांत चित्ररूपानें नसावा, हें आम्हांस खरोखर खटकतें.

तोंपर्यंत पालकांनीं एवढें करावें. एखाद्या सुटीच्या दिवशीं पुस्तक बरोबर घेऊन मुलांस नदीकांठीं न्यावें, थर दाखवावा, व त्याचें चित्र त्यांच्याकडूनच वहींत काढवावें. राख मात्र उकरून घरीं आणूं देऊं नये. थर जागच्या जागीं राहिला तरच पुढील संशोधकांस त्याचें वय ठरवितां येईल.