डगला कोणाच्या मापाचा?

विद्यापीठांत आता एक नवे शास्त्र शिकवतात. नाव भारदस्त आहे, मानवकेंद्री रचना. अर्थ इतकाच की वस्तू ज्याने वापरायची त्याच्याकडे आधी जा, तो काय करतो ते गप बसून बघ, कच्चा नमुना त्याच्याच हाती दे, जमले नाही तर मोडून पुन्हा कर. आमच्या गावच्या सुतार-लोहाराने तिफण आणि डवरा असाच घडवला. त्याला कोणी पदवी दिली नाही, ते सोडा. या विद्येला आम्ही हसणार नाही.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात २००७ साली काही विद्यार्थ्यांना काम मिळाले : अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी स्वस्तातली ऊबपेटी करा. नेपाळात जाऊन पाहतात तो दवाखान्यात पेट्या रिकाम्या आणि बाळे गारठतात दूरच्या खेड्यांत. मग पेटीचा नाद सोडून त्यांनी मेणाची उबदार पिशवी केली. मेण एकदा वितळवले की काही तास ३७ अंशांची ऊब टिकते. आपल्याकडच्या एका खेड्यातली आई म्हणाली, तुमची औषधे कडक, मी आपला काटा ३० वरच ठेवीन. पोरांनी तिला अडाणी ठरवले नाही. आकडेच काढून टाकले आणि 'ठीक आहे' एवढी खूण ठेवली.

आमच्याकडे उलटा कारभार. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. सल्ला काय आला? हातमोजे घाला, तोंड बांधा, वाऱ्याच्या दिशेने फवारा. सल्ला खोटा नाही. पण डोक्याएवढी कपाशी, दाटलेली तासं, भाद्रपद-आश्विनाचे ऊन, पाठीवर सोळा लिटरचा पंप आणि वरून प्लास्टिकचा डगला! माणूस विषाआधी घामानेच पडायचा. बाटलीवरची अक्षरे मुंगीच्या पायाएवढी, ती वाचायची मजुराने, आणि बाटली मालकाच्या घरी. डगला बेतणाऱ्याने घालणारा माणूस पाहिलाच नाही. माणूस मेल्यावर मात्र बोट त्याच्याकडेच : डगला का नाही घातला?

मुंबईच्या आय.आय.टी.त ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र १९८५ पासून आहे. तिथली पोरे खेड्यांत जाऊन शिकतात. त्यांना आणि आमच्या कृषी विद्यापीठांतल्या पोरांना आमचे सांगणे आहे. या, जरूर या, पण मे महिन्याच्या सुट्टीत नको. तेव्हा रानात पऱ्हाटीसुद्धा उभी नसते. ऐन फवारणीत या, पंप पाठीवर घ्या (साधे पाणी भरून) आणि चार तासं धरा. वेचणीला या. बोंडाची टोके बोटे कशी ओरबाडतात ते वेचणाऱ्या बाईला विचारा, तिच्या नवऱ्याला नको. रब्बीची ज्वारी एक दिवस उपटून बघा. कपाशीच्या भावाचा नमुना तुमच्या कार्यशाळेत तयार होणार नाही हे आम्हाला ठाऊक आहे, ती लढाई आमची आम्ही बघू.

अट एकच. नमुना गावात ठेवून जायचे आणि पुढच्या हंगामात परत यायचे. मोडला तर तालुक्याच्या लोहाराला दुरुस्त करता आला पाहिजे. अहवाल लिहून गुण मिळवले आणि गाव विसरले, असले पाहुणे आम्ही पुष्कळ पाहिले.

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, ज्या गावांची तयारी असेल त्यांनी जिल्हा बैठकीत नावे द्यावीत. पोळ्याच्या आत पत्रे धाडायची आहेत.