नाव लावायचे तर खात्रीने लावा



‘विचार चांगला असला की पुरे, तो कोणाचा हे कशाला पाहायचे?’ असे विचारणारे पत्र रविवारी वाचले. म्हणींपुरते मान्य. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ पहिल्यांदा कोण म्हणाले, हे कळल्यावाचून कोणाचे अडलेले नाही. मॅनवेअरिंगसाहेबांनी १८९९ साली मराठी म्हणींचे जाडजूड पुस्तक काढले, पुढे दाते-कर्व्यांचा वाक्संप्रदाय कोश आला. म्हणीच्या मालकाचा शोध घेण्याची गरज तिथेही नव्हती.

सुविचाराचे तसे नाही. तिथे वाक्य खपते ते खालच्या नावावर. आमच्या चिकलठाणा एमआयडीसीत एका कारखान्याच्या फाटकाशी फळा आहे. कष्टांवरचे एक वाक्य तिथे आधी विवेकानंदांचे होते. नंतर तेवढे नाव पुसून डॉ. कलाम आले, वाक्य तेच, खडूही बहुधा तोच. वपु आणि पुलंच्या नावावर मोबाइलवर रोज जे फिरते, ते वाचून त्यांनीच हात जोडले असते.

पत्रलेखकांनी संतांचा दाखला दिला आहे. मग आपल्या पैठणचाच घ्या. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घुसडू नये, अशी तंबीही देऊन ठेवली. ‘ओवी बरी आहे ना, मग असू द्या’ असे नाथ म्हणाले नाहीत.

फळा लिहिणाऱ्यांना विनंती एवढीच, की नावाची खात्री नसेल तर वाक्याखालची जागा कोरी सोडावी.

– एक वाचक, चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर