आधी लघवीचा नमुना, मग औषध

तापाने फणफणलेले तान्हे बाळ धारवाडच्या आसपासच्या खेड्यातून आमच्याकडे येते, तेव्हा बहुधा प्रतिजैविकाचे दोन-तीन डोस पोटात गेलेले असतात. मग कल्चरमध्ये जंतू उगवत नाहीत. दोन-तीन दिवस थांबूनही हाती काही लागत नाही. २०२४ साली ब्रिटनचे ८० लाख पौंडांचे लाँजिट्यूड पारितोषिक मिळवणारे, उप्साला विद्यापीठातील संशोधनातून घडलेले उपकरण कोणते औषध लागू पडेल हे पाऊण तासात सांगते. (बेत मुख्यतः स्त्रियांच्या साध्या मूत्रसंसर्गाचा; आमची बाळे अजून दूरच!) स्वागतार्हच, पण तेही जिवंत जंतूंची वाढ पाहूनच निर्णय देते. उपचार लांबल्यास कोवळ्या मूत्रपिंडावर कायमचे व्रण राहू शकतात, म्हणून औषध थांबवू नये. मात्र पहिल्या डोसापूर्वी नमुना घ्यावाच, आणि तोही चिकटवलेल्या पिशवीतून नव्हे, कॅथेटरने.