परदेशगमन व पीतज्वराचा दाखला

परदेशीं जावयाचें ठरलें म्हणजे आमच्या घरोघरीं फराळाचे डबे, लोणच्याच्या बरण्या व नवे कपडे यांची जी धांदल उडते, ती पाहून कौतुक वाटतें. प्रकृतीचा विचार मात्र बहुधा आदल्या रात्रीं होतो, आणि तोहि डोकेदुखीच्या चार गोळ्या पिशवींत टाकण्यापुरताच. नोकरी-व्यापारासाठीं केनिया-युगांडांत जाणारे आमचे लोक व पश्चिम आफ्रिका, ब्राझील येथील बंदरांस लागणाऱ्या बोटींवरील कोंकण-गोव्याचे खलाशी यांस ही दिरंगाई परवडणारी नाहीं.

त्या भागांत पीतज्वर नांवाचा रोग आहे. तो डांसांमुळें पसरतो असें क्यूबांतील डॉ. कार्लोस फिनले यांनीं १८८१ सालीं सांगितलें, पण बहुतेकांनीं तें मनावर घेतलें नाहीं. १९०० सालीं वॉल्टर रीड यांच्या मंडळानें तेथेंच प्रयोग करून तें खरें ठरविलें. त्या कामीं डॉ. जेसी लझीअर यांचा प्राण गेला. या रोगावर अजूनहि खात्रीचें औषध नाहीं. पुष्कळ रोगी बरे होतात. परंतु ज्यांचा ताप उतरून पुन्हां उलटतो व ज्यांस कावीळ होते, त्यांपैकीं सुमारें निम्मे दगावतात. लस मात्र उत्तम आहे. मॅक्स थायलर यांनीं १९३७ च्या सुमारास ती सिद्ध केली. एकदां टोंचली कीं पुरे. २०१६ सालापासून तिचा दाखलाहि जन्मभर चालतो. पण तो लागू होतो टोंचल्यापासून दहा दिवसांनीं, आणि येथेंच घोडें पेंड खातें. लस सरकारनें नेमलेल्या केंद्रांतच मिळते. विमानाचें तिकीट हातीं असून दिवस उरले नाहींत अशी स्थिति मग ओढवते.

अशा वेळीं कित्येक गृहस्थ सुई चुकवून नुसता कागद कोठें मिळेल याची चौकशी करितात. आम्हांस हें अत्यंत निंद्य वाटतें. भारतांत पीतज्वर नाहीं. परंतु तो पसरविणारा एडीस डांस येथें मुबलक आहे. आपल्या अंगणांतील पिंपांत व कुंड्यांखालच्या बशांत वाढून डेंग्यू देणारा तो हाच. एका रोग्याच्या रक्तांतून तें विष त्यास मिळालें, तर पुढें काय होईल? डांस चावल्यापासून ताप येण्यास बहुधा तीन ते सहा दिवस लागतात. म्हणूनच त्या देशांतून दाखल्याविना येणाऱ्यास सहा दिवसांपर्यंत वेगळें ठेवितात. तो दाखला जाणाऱ्याइतकाच घरीं राहिलेल्या मुलाबाळांसाठींहि आहे.

नऊ महिन्यांच्या आंतील मुलें, गरोदर स्त्रिया व अंडें न सोसणारीं माणसें यांनीं डॉक्टरांस आधीं विचारावें. हिंवतापाची गोष्ट निराळी. त्याच्या गोळ्या निघण्यापूर्वीं सुरू करून परतल्यावरहि सांगितलेले दिवस घ्याव्या लागतात. "आम्हांस डांसांची संवय आहे" म्हणणारे त्या मध्येंच सोडतात. ती संवय हिंवताप जुमानीत नाहीं. परत आल्यावर ताप आल्यास आपण कोणत्या देशांत होतों, हें डॉक्टरांस प्रथम सांगावें.