विश्लेषण: रॅम महागल्यावर सोलापुरात छोटा, स्वस्त पीसी असेंबल करणं परवडतं का?

वर्षभरापूर्वी कमी बजेटचा डेस्कटॉप असेंबल करायचा म्हटलं की हिशोब प्रोसेसरपासून सुरू व्हायचा. दुकानदार आधी विचारायचा, 'आय३ टाकू की रायझन?' त्यावर मदरबोर्ड ठरायचा. रॅम, एसएसडी आणि कॅबिनेट ही कोटेशनच्या तळाशी लिहायची किरकोळ नावं होती.

आता तोच कागद खालून वर वाचावा लागतो.

२०२५च्या मध्याला साधारण तीन-साडेतीन हजारांत मिळणारी १६ जीबी डीडीआर४ रॅम वर्ष संपता संपता दुप्पट-तिप्पट भावाला गेली. डीडीआर५ची उडी त्याहून मोठी होती. समजा घरचं बजेट ३० हजारांचं आहे. पूर्वी रॅम त्यातला दहावा हिस्सा घ्यायची, आता ती पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त मागते. म्हणजे मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी किंवा घरातल्या दुकानाच्या हिशोबासाठी घ्यायच्या मशीनमध्ये दुसरं काहीतरी कापावं लागणार.

काय कापायचं, हा खरा प्रश्न आहे. त्यात जागेची अडचण असेल, टेबल लहान असेल, तर छोटा पीसी हवा. आणि छोट्या पीसीचे सुटे भाग आधीपासूनच महाग.

रॅम एवढी का महागली?

जगातली नव्वद टक्क्यांहून जास्त डीरॅम मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी एचबीएम नावाची मेमरीही याच कंपन्या, त्याच कारखान्यांत बनवतात. मायक्रॉनच्याच सांगण्यानुसार तेवढ्याच क्षमतेच्या एचबीएमला डीडीआर५च्या सुमारे तिप्पट वेफर लागतात. त्यामुळे एआयकडे वळवलेला प्रत्येक वेफर घरगुती रॅमच्या बाजारातून कमी होतो.

१ ऑक्टोबर २०२५ला ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्ससोबत करार केले. त्यात महिन्याला नऊ लाख वेफरपर्यंतच्या गरजेचा उल्लेख होता. ३ डिसेंबरला मायक्रॉनने 'क्रुशल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करायचं ठरवलं आणि फेब्रुवारी २०२६पर्यंतच माल पाठवू असं जाहीर केलं. क्रुशलची रॅम म्हणजे गल्लीतल्या दुकानातही मिळणारा भरवशाचा माल होता. जानेवारीत ट्रेंडफोर्स या बाजार-अभ्यास संस्थेने पहिल्या तिमाहीत डीरॅमचे करारभाव ५५ ते ६० टक्क्यांनी वाढतील असा अंदाज दिला. फेब्रुवारीत तोही कमी वाटला आणि आकडा ९० ते ९५ टक्क्यांवर नेला.

थांबलं तर भाव उतरतील? लवकर नाही. नव्या कारखान्यांतून माल यायला २०२७ उजाडेल, असं कंपन्याच सांगतात. गुजरातमधल्या साणंदला मायक्रॉनचा प्रकल्प आहे खरा, पण तिथे चिपची जुळणी आणि चाचणी होते, वेफर बनत नाहीत. सप्टेंबर २०२५च्या जीएसटी कपातीचाही इथे उपयोग नाही. रॅम आणि प्रोसेसरवर १८ टक्के होता, १८च राहिला.

दुसरीकडे १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा मोफत सपोर्ट संपला. जादा सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ला संपते. नेमक्या महागाईच्या वर्षात लाखो घरांना मशीन बदलावं लागतंय.

मग खरेदी कुठून सुरू करायची?

घरातल्या आणि नातेवाइकांच्या बंद पडलेल्या मशीनपासून.

हे गमतीने म्हटलेलं नाही. बंद पडलेल्या डेस्कटॉपमध्ये डीडीआर४ रॅम असेल तर ती बहुधा चालू असते. जळतो तो मदरबोर्ड किंवा एसएमपीएस. आधी हाताशी कुठली रॅम आहे ते पाहायचं आणि तिला चालणारा बोर्ड घ्यायचा. डीडीआर४ हाती असेल तर एएमडीचा एएम४ सॉकेट आणि रायझन ५ ५६००जी, किंवा इंटेलचा आय३-१२१०० आणि डीडीआर४ची एच६१० बोर्ड. दोन्ही प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच आहे, वेगळं कार्ड लागत नाही. एच६१० बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन प्रकारांत येते आणि एकीची रॅम दुसरीत बसत नाही, हे मात्र बिल करण्याआधी तपासायचं.

मेलेल्या लॅपटॉपची लांबीला कमी असलेली रॅम साध्या डेस्कटॉप बोर्डमध्ये बसत नाही. पण अॅसरॉक डेस्कमिनी एक्स३००सारखे दोन लिटरच्या आतले तयार सांगाडे तीच रॅम वापरतात. अशा मशीनला बाहेरचा १९ व्होल्टचा अडॅप्टर पुरतो.

काहीच हाताशी नसेल तर ८ जीबीची एक कांडी घेऊन दुसरा स्लॉट रिकामा ठेवणं हा आजचा शहाणा तोटा आहे. ब्राउझर, ऑफिस, टॅली चालतं. गेम मात्र रडतात, कारण आतलं ग्राफिक्स रॅममधूनच जागा घेतं आणि एका कांडीवर त्याचा वेग निम्म्यावर येतो.

छोटा म्हणजे महाग, असं का?

छोट्या पीसीचं प्रसिद्ध माप म्हणजे मिनी-आयटीएक्स, १७० बाय १७० मिलिमीटर. व्हीआयए कंपनीने ते २००१मध्ये आणलं. भारतात या मापाच्या बोर्डांचे पर्याय कमी आहेत आणि भाव जास्त. त्यांच्यासोबत लागणारा छोटा एसएफएक्स एसएमपीएस साध्यापेक्षा महाग आणि छोटं कॅबिनेट त्याहून महाग. सोलापुरातल्या दुकानात या तिन्ही गोष्टी बहुधा ऑर्डरवरच मागवाव्या लागतात. नाहीतर पुणे गाठा, किंवा सिकंदराबादचं चिनॉय ट्रेड सेंटर.

तयार मिनी पीसी बाहेरून मागवण्यात वेगळी गुंतागुंत आहे. ३ ऑगस्ट २०२३ला केंद्राने लॅपटॉप, टॅबलेटसोबत 'अल्ट्रा स्मॉल फॉर्म फॅक्टर' कॉम्प्युटरच्या आयातीवरही परवान्याची अट घातली. ओरड झाल्यावर ती पुढे ढकलली गेली आणि नोव्हेंबर २०२३पासून आयात-परवानगीची ऑनलाइन व्यवस्था आली. त्या यादीत तयार मशीन होती, मदरबोर्ड आणि रॅम नव्हत्या.

इथेच स्वतः बनवून घेतलेलं कॅबिनेट कामाला येतं. बहुतेक लोक कस्टम कॅबिनेट म्हणजे हौस, रंगीत दिवे आणि काच समजतात. कमी बजेटमध्ये त्याचा उपयोग उलटा आहे: महाग छोट्या सुट्या भागांऐवजी बाजारात सहज मिळणारे साधे भाग घ्यायचे आणि पेटी त्यांच्या मापाची करून घ्यायची.

हिशोब करून पाहा. साधा मायक्रो-एटीएक्स बोर्ड जास्तीत जास्त २४४ बाय २४४ मिलिमीटर असतो. साध्या एसएमपीएसचं माप १५० रुंद, ८६ उंच, १४० खोल. दोन्ही शेजारी-शेजारी आडवे ठेवले तर रुंदी ३९४ मिलिमीटर होते. उंचीचा प्रश्न कूलरचा. इंटेलचा प्रोसेसरसोबत मिळणारा कूलर ४७ मिलिमीटरचा, एएमडीचा ५४चा. खालचे स्टँडऑफ, बोर्ड, सॉकेट आणि वर हवेची मोकळी जागा धरून आतली उंची १०० मिलिमीटर पुरते. आतून ४१० रुंद, २७० खोल, १०० उंच म्हणजे सुमारे ११ लिटर. बाजारातलं नेहमीचं टॉवर कॅबिनेट ३५ ते ४५ लिटरचं असतं. आणि एसएमपीएसच्या पुढे जी जागा उरते तिथे वायरींचा गुंता आणि एसएसडी बसतात.

जुना व्हीसीआर आठवत असेल तर जवळपास तोच आकार. टीव्हीखाली किंवा मॉनिटरच्या स्टँडखाली सरकतो.

अर्थात यात ग्राफिक्स कार्ड बसणार नाही. ज्याला पुढे कार्ड टाकायचं आहे त्याने ही पेटी करूच नये, दुकानातलं साधं कॅबिनेट घ्यावं.

पेटी बनवणार कोण?

यंत्रमागाचं शहर असल्यामुळे पत्रा कापणारे, वाकवणारे हात सोलापुरात कमी नाहीत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपासून पेठांमधल्या ग्रिल-खिडक्यांच्या वर्कशॉपपर्यंत एक मिलिमीटर पत्र्याचं काम कुणालाही नवं नाही. नवं आहे ते अचूक माप. बोर्डाची भोकं एक-दीड मिलिमीटर सरकली तरी स्क्रू बसत नाही आणि ओढून बसवला तर बोर्डाला ताण येतो.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय भंगारात आहे. जुन्या टॉवर कॅबिनेटमधली बोर्ड बसायची प्लेट आणि मागचा भाग कापून घ्यायचा. भोकं, स्टँडऑफ आणि पोर्टची १५८.७५ बाय ४४.४५ मिलिमीटरची खिडकी, सगळं कारखान्याच्या मापाचं मिळतं. वर्कशॉपला मग फक्त भोवतीची पेटी करायची राहते. त्याआधी भाग हातात आल्यावर पुठ्ठ्याची पेटी करून पाहिली तर बऱ्याच चुका फुकटात कळतात. वायरी वळायला जागा लागते, हे कागदावरच्या चित्रात कधीच दिसत नाही. आणि वर्कशॉपला माप देताना ते आतलं की बाहेरचं, हे लिहूनच द्यायचं.

एक गोष्ट मात्र जिवाची आहे. एसएमपीएसच्या बॉडीला अर्थिंग असतं आणि त्याच्या स्क्रूंमधून ते पेटीला मिळतं. पावडर कोटिंग वीज अडवतं. म्हणून स्क्रूखालचा रंग खरवडून पत्रा उघडा करायचा. जुन्या घरांत तीन पिनचा सॉकेट असतो पण त्यामागे अर्थिंगची वायर नसते. पेटीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर मशीन बंद करून आधी वायरमन बोलवायचा. जागा वाचवण्यासाठी एसएमपीएस उघडून त्याचं आतलं सर्किट पेटीत बसवण्याचे व्हिडिओ फिरतात. ते अजिबात करू नये, बंद केल्यावरही आतले कपॅसिटर झटका देतात.

सोलापूरचं ऊन आणि मागाचा कापूस

कूलरचे रिव्ह्यू बहुतेक वेळा एसी खोलीत होतात. समजा प्रोसेसर पूर्ण भारावर खोलीपेक्षा ५० अंशांनी जास्त तापतो. २५ अंशांच्या खोलीत तो ७५ला राहील. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर राहतो, ४३-४४लाही जातो. पत्र्याच्या छताखालची खोली ४२ अंशांवर असेल तर तोच प्रोसेसर ९२ला पोहोचतो. ५६००जीची मर्यादा ९५ आहे. त्यानंतर तो जळत नाही, पण स्वतःचा वेग कमी करतो. म्हणजे पैसे ज्या वेगाचे दिले तो मे महिन्यात मिळत नाही.

म्हणून कूलरच्या बरोबर वरच्या पत्र्याला जाळीदार भोकं हवीत आणि एसएमपीएसच्या पंख्यासमोरही. ५६००जी हा ६५ वॅटचा प्रोसेसर बायोसमधून ४५ वॅटवर आणता येतो. रोजच्या कामात फरक जाणवत नाही, उष्णता बरीच कमी होते. यासाठी एक रुपयाही लागत नाही, तरी दुकानदार हे क्वचितच सांगतो.

पूर्व भागात, जिथे घराच्या खाली किंवा शेजारी माग चालतात, तिथे दुसरा शत्रू आहे: हवेतला सुताचा कापूस. तो साध्या धुळीसारखा उडून जात नाही, कूलरच्या पात्यांमध्ये नमद्यासारखा जमतो. अशा घरात बाहेर हवा फेकणाऱ्या पंख्यापेक्षा आत हवा ओढणारा पंखा जास्त ताकदीचा ठेवायचा आणि त्याच्यावर खिडकीला लावतात ती डासांची जाळी लावायची. मग हवा जाळीतूनच आत येते, फटींतून नाही. जाळी स्क्रू न काढता निघेल अशी करून घ्यायची, नाहीतर ती कुणी साफ करत नाही.

हे सगळं न करता चालेल का?

बऱ्याच घरांसाठी, हो. कंपन्यांमधून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवो थिंकसेंटर टायनी, एचपीचे मिनी हे जेमतेम एक लिटरचे डेस्कटॉप रिफर्बिश्ड मिळतात. रॅम आणि एसएसडी आतच असते, आणि आजच्या भावात ही मोठी गोष्ट आहे. फक्त कामापुरतं मशीन हवं असेल तर सुटे भाग जमवून केलेला पीसी किमतीत याला हरवणं कठीण आहे. असेंबल करणं परवडतं ते घरात रॅम किंवा एसएमपीएस आधीच पडून असेल तेव्हा, किंवा पुढे एकेक भाग बदलत जायचं असेल तेव्हा. हे मिनी बिघडले तर त्यांचा बोर्ड दुसऱ्या कुठल्या पेटीत बसत नाही.

रिफर्बिश्ड घेताना 'आय५ आहे' एवढ्यावर समाधान मानू नये. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून चालतं, आणि त्याआधीचीच मशीन सध्या कंपन्या मोठ्या संख्येने काढत आहेत. सेटिंगमध्ये प्रोसेसरचा पूर्ण नंबर पाहायचा. आय५-८५००टी असेल तर आठवी पिढी आणि ३५ वॅट, म्हणजे सोलापूरच्या उन्हालाही बरी. आय५-६५००टी किंवा ७५००टी असेल तर ती लिनक्ससाठी आणि अर्ध्या भावात घ्यायची वस्तू आहे.